शनिवार दुपार ते सोमवार सकाळ
(संस्थेच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला ‘आम्ही दोघं आणि आमची डोंगरभटकंती’ यावर बोलायला सांगितलं. मी म्हटलं, बोलतो, पण सौ. समोर बसणार असतील तर खोटं बोलता येणार नाही. त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत. तेव्हा जे झालं तेच सांगतो.

आमचं लग्न १९७७ सालचं. मी बँकेत, ही शाळेत. बँकेला तेव्हा शनिवारी अर्धा दिवस काम. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुटी २०१५ पासून सुरू झाली, तोपर्यंत मी निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती! त्यामुळे आमची भटकंती म्हणजे शनिवारी दुपारी कॅश जुळली की निघायचं आणि रविवारी रात्री परत यायचं. तंबू वगैरे काही नव्हता. एक सतरंजी, दोन घोंगड्या, वातीचा स्टो, तीन सेलची बॅटरी आणि डब्यात भाकरी-चटणी. हिने पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घालून पाठीवर सॅक घेतली तेव्हा वाड्यातल्या बायका दारात येऊन बघत होत्या. आमच्या आईने फक्त एवढंच विचारलं, “तिथे देव कुठला आहे?” मी म्हटलं, पद्मावती. “मग जा.”

तो गड म्हणजे राजगड. स्वारगेटहून वेल्ह्याची एसटी पकडायची, मार्गासनीला उतरायचं, साखरवरून चालत गुंजवणे गाठायचं आणि चोरदरवाजाच्या वाटेने पद्मावती माचीवर. मुक्काम देवळात. रात्री पिठलं-भात, आणि सकाळी उठून सुवेळा माचीच्या नेढ्यात जाऊन बसायचं. कड्याला आरपार पडलेलं ते भोक, त्यातून येणारा वारा! घरी बोलायला वेळ मिळायचा नाही. एकत्र कुटुंब, दोन खोल्या. नवरा-बायको म्हणून आम्ही खरे बोललो ते त्या नेढ्यात बसून, हे आज उघडपणे सांगायला हरकत नाही.

आता मुख्य गोष्ट. एप्रिल १९८४. राजगडावरून डोंगरधारेने तोरण्याला जायचं ठरवलं. संजीवनी माचीकडून निघायचं, तोरणा चढायचा, संध्याकाळपर्यंत वेल्ह्यात उतरून एसटी. इथे एक कबुली देतो. त्या शनिवारी तिजोरीची एक किल्ली माझ्याकडे होती. दुसरी हेड कॅशियरकडे. दोन्ही किल्ल्या लागल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. गाव सोडताना किल्ली रीतसर दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवायची असते. ते अधिकारी रजेवर होते आणि मी मोह आवरला नाही. किल्ली कमरेला बांधून निघालो. चूक माझीच.

रविवारी दुपारी धारेवर ऊन असं की कारवीच्या सुक्या काटक्यांचीसुद्धा सावली शोधावी. दोघांत पाण्याच्या दोन बाटल्या, त्यातली एक संपलेली. एका ठिकाणी वाटेला फाटे फुटले आणि आम्ही चुकलो. ही म्हणाली, “अहो, मघाशी तो दगडांचा ढीग होता ना, तिथपर्यंत परत जाऊ या.” माझ्या डोक्यात सोमवारची तिजोरी. म्हटलं, “परत कशाला? थोडं खाली उतरलं की मिळेल वाट.” वाट मिळाली नाही, कडा मिळाला. वळताना सुक्या गवतावरून पाय सटकला आणि मी दहा-बारा फूट घसरत गेलो. एका झुडपाला अडकलो. पुढे काय होतं ते मी पाहिलं, हिनेही पाहिलं. त्यावर आम्ही आजपर्यंत बोललेलो नाही.

घोटा सुजला. हिने ओढणीने पाय बांधला, मला आधार देत त्या दगडांच्या ढिगापर्यंत परत आणलं. तिथून बरोबर वाट लागली. तासाभराने एका धनगराचं घर दिसलं. त्या माउलीने तांब्या भरून ताक दिलं. रात्री तिथेच अंगणात झोपलो. पहाटे तिच्या मुलाने मला धरून खाली गावात उतरवलं, दुधाच्या गाडीत बसवून दिलं. पैसे घेतले नाहीत. पुढच्या खेपेला आम्ही चहा-साखर घेऊन गेलो तेव्हा कुठे घेतली.

सोमवारी तसाच, मळलेल्या कपड्यांनी, लंगडत ब्रँचमध्ये. कॅश सुरू व्हायला दहा मिनिटं बाकी. हेड कॅशियरने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, “आधी तिजोरी, मग पाय.”

घरी आल्यावर ही इतकंच बोलली, “तुमचा हिशेब जुळला नाही की तुम्ही काय करता?” म्हटलं, शेवटचं जुळलेलं पान काढतो, तिथून पुन्हा तपासतो. “मग काल का नाही केलंत?” मित्रहो, सोळा वर्षं बँकेत लेजर तपासणाऱ्या माणसाला हे उत्तर देता आलं नाही. त्याच डिसेंबरात आम्ही तोरणा पूर्ण केला. पुढे ही चालली, मागे मी.

संसारातही पुढे हेच उपयोगी पडलं. मुलाच्या शिक्षणावरून, घराच्या कर्जावरून आमचे खटके उडाले. कोणीतरी म्हणायचं, “दगडांच्या ढिगापर्यंत परत जाऊ या.” म्हणजे जिथपर्यंत आपलं एकमत होतं तिथपर्यंत.

तरुण मंडळींना तीनच गोष्टी सांगतो. पाणी माणशी तीन लिटर घ्या. कुठे जाताय आणि कधी परत येणार हे घरी लिहून ठेवा. आणि वाट चुकली तर पुढे जाऊ नका, मागे या. त्यात कमीपणा नाही.

राजगड सुमारे पाव शतक महाराजांची राजधानी होता. २०२५ साली तो जागतिक वारशात गेला, आणि आपल्या संस्थेलाही पाव शतक झालं. हिचे दोन्ही गुडघे बदलले आहेत. राजगड आता होणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण गेल्या डिसेंबरात पर्वतीच्या १०३ पायऱ्या ती चढली. दोनदा थांबली. मी तिच्या मागेच होतो.