हिरवा चहा आणि कर्करोगाचे औषध
(मंडळाच्या वर्धापनदिनी खोडद येथे दिलेले भाषण)



हिरव्या चहाने कर्करोग बरा होतो, असे हल्ली घरोघर ऐकू येते. तेव्हा त्याविषयीच आज चार शब्द बोलावे म्हणते.

प्रथम एक घोटाळा दूर करू. परसातली गवती चहाची पात म्हणजे हा हिरवा चहा नव्हे. ते सुवासिक गवत. हिरवा चहा आपल्या रोजच्या चहाच्याच झाडाचा. पाने खुडल्यावर लगेच वाफवून किंवा परतून वाळवितात, म्हणून ती काळी पडत नाहीत आणि त्यांतली कॅटेचिन नावाची तुरट द्रव्ये टिकून राहतात. प्रयोगशाळेत या द्रव्यांनी कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखली, हे खरे. पण काचेच्या बशीतली पेशी निराळी आणि हाडामांसाचे माणूस निराळे! 2020 साली 142 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यांत अकरा लाखांवर माणसे होती. तरी या चहाने कर्करोग टळतो, असे ठामपणे सांगण्याजोगे काही हाती लागले नाही.

उलट एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मायलोमा नावाच्या अस्थिमज्जेच्या कर्करोगावर बोर्टेझोमिबचे इंजेक्शन देतात. 2009 साली लॉस एंजेलिसच्या संशोधकांना उंदरांवरील प्रयोगांत आढळले, की हिरव्या चहातले मुख्य द्रव्य या औषधालाच जाऊन चिकटते आणि त्याचा गुण मारते. म्हणजे सुनेने मायेने द्यावे आणि औषध वाया जावे! अर्काच्या गोळ्या तर याहून वाईट. दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा अधिक अर्कद्रव्य पोटात गेले, तर यकृताला इजा होऊ शकते, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 साली सांगितले. कर्करोगाची कित्येक औषधे आधीच यकृताला जड असतात.

परळचे टाटा रुग्णालय 1941 पासून हेच काम करीत आहे. पण नारायणगावहून मुंबईच्या खेपा, ओकाऱ्या, गळणारे केस यांनी घर थकते; मग कोणी चहा सुचविला, की उपचार मध्येच सुटतात. ते सोडू देऊ नका. पुढच्या खेपेस काढा, चूर्ण, चहा, जे चालू असेल ते कागदावर लिहून न्या. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. त्यांनी कपभर घ्या म्हटले, तर खुशाल घ्या. मात्र जरा निवू द्या. 65 अंशांहून गरम पेयाने अन्ननलिकेचा कर्करोग होण्याचा संभव असतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2016 साली जाहीर केले आहे, आणि आपल्याकडे तर चहा उकळताच लागतो!