पैनगंगेच्या अलीकडे

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात पुसेगाव आहे. तिथं आज जन्मलेल्या बाळाच्या दाखल्यावर जिल्हा हिंगोली येतो. त्याच्या वडिलांचा जन्म १९९९ च्या आधीचा असेल, तर त्यांचा जिल्हा परभणी. आणि आजोबा १९५६ पूर्वीचे असतील, तर राज्यसुद्धा वेगळं, हैदराबाद. गाव मात्र जागचं हललेलं नाही.

या हद्दींमागची सगळ्यात मोठी गोष्ट हिंगोलीच्या छावणीशी जोडलेली आहे. तिथं हैदराबाद कंटिंजंटची पलटण असे. खर्च निजामाचा, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. पगार थकले, कर्ज चढलं, आणि त्या खर्चाच्या वसुलीसाठी १८५३ च्या तहानं इंग्रजांनी वऱ्हाड आपल्या कारभाराखाली घेतलं. तोवर वाशीम आणि हिंगोली एकाच राज्यात होती. आता पैनगंगेच्या पलीकडे इंग्रजी अंमल, अलीकडे निजामी. आपल्याच छावणीच्या पगारापायी आपले शेजारी परक्या मुलखातले झाले, हे मला आजही चटका लावतं. १९०२ मध्ये तर वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्यानं देण्यात आलं.

ही हद्द नुसती नकाशावर नव्हती. निजामाच्या मुलखात हाली सिक्का चाले, वऱ्हाडात कलदार रुपया. माल नेला-आणला, की करोडगिरी, म्हणजे जकात. अलीकडच्या कचेरीत कागद उर्दूत, मराठी शेतकऱ्याला तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. तरी सोयरीक थांबली नाही. रिसोड-वाशीमकडे लेकी दिल्या, तिकडून सुना आणल्या. हैदराबाद मुक्तिसंग्रामात याच हद्दीचा उपयोग झाला. रझाकारांच्या जाचातून सुटलेल्यांना वऱ्हाडात आसरा मिळाला, आणि तिथल्या कॅम्पांतून कार्यकर्ते पुन्हा आत शिरत.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामशाही संपली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, विदर्भही आला. शंभर वर्षांपूर्वी तुटलेले शेजारी पुन्हा एका राज्यात आले. मग १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला.

उरला प्रश्न अंतराचा. पुसेगावच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी हिंगोली ओलांडून परभणी गाठावी लागे. साहेब भेटले नाहीत, तर पुन्हा खेप. भाडं गेलं, रोज बुडाला. १ मे १९९९ ला हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाच तालुक्यांचा वेगळा जिल्हा झाला, तो म्हणूनच मोलाचा. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर १७९० मध्ये जुने प्रांत मोडून ८३ जिल्हे केले, तेव्हाही हाच विचार होता. मुख्य ठाणं घोड्यावरून एका दिवसात गाठता यावं. जिल्हा कसा आखावा याचं माझ्या मते हेच माप खरं: अर्ज घेऊन निघालेला माणूस संध्याकाळी घरी परततो का?

१८५३ ची रेघ मात्र पुरती गेलेली नाही. वाशीम अमरावती विभागात, हिंगोली मराठवाड्यात. अनुशेषाचा हिशेब वेगळा, विद्यापीठ वेगळं. लोकसभेचा हिंगोली मतदारसंघ तेवढा ती ओलांडतो, कारण त्यात यवतमाळ जिल्ह्यातला उमरखेड आहे.

हाली सिक्का हाताळलेली, करोडगिरी भरलेली माणसं सेनगाव आणि रिसोडकडच्या गावांत आता थोडीच उरली आहेत. शिक्षकांना आणि महाविद्यालयातल्या मुलांना माझी विनंती आहे. त्यांच्याकडे जा, नाकं कुठं होतं, जकात किती द्यावी लागे, हे विचारा आणि उतरवून ठेवा. या वर्षीच जा.