बाळाचे डोके आणि टाळू
(सटाणा येथील माता-मेळाव्यातील भाषणाचा सारांश)



आपल्या बागलाणात बाळाचे डोके गोल व्हावे म्हणून आजी तेल लावताना ते दाबते, मोहरीची उशी देते. तरीही चपटे दिसले, की प्रश्न येतो, "प्लास्टिक सर्जरी करावी लागेल का?" त्या शस्त्रक्रियेत प्लास्टिक नसते, घडविणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते नाव आले. चपट्या डोक्याला बहुधा तिची गरजही नसते. बाळ बसू लागले, की चपटेपणा पुष्कळ कमी होतो. झोपवावे उताणेच, उशीविना. जागेपणी आपल्या देखत थोडा वेळ पालथे घालावे. आजीच्या मायेच्या हाताला माझी हरकत नाही, जोराला आहे. कवटीचे सांधे वेळेआधी जुळून डोके वेडेवाकडे वाढू लागले, तर मात्र शस्त्रक्रिया लागू शकते. ते पहिल्या काही महिन्यांतच दाखवावे.

टाळू तेलाने भरत नाही. साधारण दीड वर्षापर्यंत ती हाडाने भरते. परंतु जुलाब-उलट्यांत ती खोल गेली, तर तेलाचा बोळा ठेवून वाट पाहू नका. शरीरातले पाणी आटल्याची ती खूण आहे. अंगावर पाजत राहा, जलसंजीवनी चमच्याने द्या आणि रात्र असली तरी दवाखाना गाठा.