कॅमेरा सापडत नाही? आधी हे बघू या

कर्जाच्या प्रस्तावासाठी बँकेच्या साहेबांबरोबर आमच्या गटाची ऑनलाइन बैठक होती. आम्ही दहाही जणी तयार होऊन बसलो, आणि लॅपटॉप म्हणतो, कॅमेरा सापडला नाही! बैठक चार दिवस पुढे गेली. दुकानदार म्हणाला, कॅमेरा बदलावा लागेल. पण गटाचे पैसे घालवण्याआधी आम्ही स्वतःच एकेक गोष्ट तपासली.

चित्र नुसतंच काळं दिसत असेल, तर कॅमेऱ्यावरची बारीक सरकपट्टी बंद आहे का ते बघा. कॅमेराच सापडत नसेल, तर कीबोर्डच्या वरच्या ओळीत किंवा लॅपटॉपच्या कडेला कॅमेऱ्याचं बटण आहे का ते शोधा. काही लॅपटॉपमध्ये ते चुकून दाबलं गेलं की कॅमेरा पार बंद होतो.

मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत जाऊन कॅमेऱ्याची परवानगी चालू करा. तरी जमलं नाही, तर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. तिथे कॅमेऱ्याच्या नावाजवळ खाली जाणारा बाण दिसला, तर त्यावर राइट क्लिक करून 'एनेबल' करा. नावच नसेल, तर 'ॲक्शन'मधलं 'स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस' दाबा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा.

आमचं काम 'एनेबल'वरच झालं. एक रुपयाही लागला नाही, आणि पुढच्या बैठकीत दहाही जणी पडद्यावर दिसलो. एवढं करूनही नाव आलं नाही, तर आतली वायर सुटलेली असू शकते. मग खुशाल दुकानात न्या.

आणि हो, कॅमेरा बैठकीच्या आदल्या दिवशीच लावून बघायचा!