साठीतलं पोहणं : अंतर कमी, वेग खरा
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'तब्येत आणि छंद' या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. तब्येतीवर बोलायला आपल्यातच चार डॉक्टर बसले आहेत. म्हणून मी छंदावर बोलतो. पोहण्यावर, आणि त्यातही स्पर्धेतल्या पोहण्यावर.

आपण बहुतेक जण विहिरीत पोहायला शिकलो. पाठीला सुकलेला भोपळा, कमरेला दोर आणि काठावर ओरडणारा काका. मुटका मारल्यावर कुणाचं पाणी जास्त उडतं, एवढीच स्पर्धा. मास्टर्स स्पर्धेत मात्र घड्याळ असतं. तिथे पंचविशीपासून पुढे दर पाच वर्षांचा एक गट करतात आणि वय त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरचं धरतात. म्हणजे १९६६ साली जन्मलेले आपण सगळे यंदा ६० ते ६४ च्या गटात सर्वांत लहान! एरवी साठी आली की लोक 'आता जपा' म्हणतात. इथे आपण नवखे ठरतो.

आता सरावाचं सांगतो. तलावावर आपल्या वयाची माणसं तासभर एका लयीत लांबच लांब पोहतात. तब्येतीला ते उत्तमच. पण त्याने शर्यतीतली वेळ सुधारेलच असं नाही. सावकाश पोहताना हात जसा फिरतो, श्वास जसा घेतो, पाय जसे चालतात, तसं जोरात पोहताना होत नसतं. शरीर जे रोज करतं तेच शिकतं. हार्मोनियमवर सहा महिने फक्त विलंबित वाजवलं, तर द्रुत आपोआप येईल का?

हाच मुद्दा धरून सॅन दिएगो स्टेट विद्यापीठातले प्राध्यापक ब्रेंट रशाल यांनी एक पद्धत मांडली. तिचं नाव 'अल्ट्रा शॉर्ट रेस पेस ट्रेनिंग'. म्हणजे अगदी छोटे तुकडे, पण शर्यतीच्याच वेगाने, मध्ये थोडी विश्रांती घेऊन. अमेरिकेचा मायकेल अँड्रू वडिलांच्या हाताखाली याच पद्धतीने घडला आणि २०२१ मध्ये टोकियोत मेडले रिलेच्या सुवर्णपदक विजेत्या संघात पोहला.

उदाहरण घेऊ. मला १०० मीटर फ्रीस्टाईल १ मिनिट २० सेकंदांत पोहायचं आहे. म्हणजे दर २५ मीटरला सरासरी २० सेकंद. मग मी २५ मीटर २० सेकंदांत पोहतो, १५ ते २० सेकंद थांबतो, पुन्हा पोहतो. असं वीस वेळा. एकूण अंतर फक्त ५०० मीटर, पण त्यातला प्रत्येक हात शर्यतीतला. तुकडा छोटा असल्यामुळे दम पुरता तुटत नाही, म्हणून तो वेग इतक्या वेळा धरता येतो. सलग १०० मीटर जीव तोडून पोहलो, तर दुसऱ्याच फेरीत तो वेग हरवतो. तलाव ५० मीटरचा असेल तर मध्यावर काठाला एक चप्पल ठेवा. चपलेपर्यंत वेगाने, पुढे सावकाश.

या पद्धतीतला मला सर्वांत आवडलेला नियम थांबण्याचा आहे. एखाद्या तुकड्याला २० ऐवजी २१ सेकंद लागले, तर पुढचा तुकडा सोडायचा, दम घ्यायचा आणि परत सुरू करायचं. लागोपाठ दोनदा चुकलं किंवा एकूण तीनदा चुकलं, की तो संच तिथेच संपला. बारावर संपला तर बारावर. वहीत लिहायचं आणि सावकाश पोहत अंग मोकळं करायचं. पुढच्या वेळी तेरा झाले तर ती प्रगती. वीस आरामात जमायला लागले की वेळ अर्ध्या सेकंदाने कमी करायची. सुरुवात मात्र आजच्या आपल्या खऱ्या वेळेपासून करायची, कॉलेजातल्या आठवणीतल्या वेळेपासून नाही.

सगळ्याच प्रशिक्षकांना हे पटतं असं नाही. लांब पोहण्याचा पाया हवाच, असं अनेक जण म्हणतात. मीही आठवड्यातला एक दिवस संथ पोहण्यासाठी ठेवतो. वेगाचे दिवस तीनच, आणि त्यांच्यामध्ये एकेक दिवस मोकळा. साठीत स्नायू भरून यायला वेळ लागतो आणि खांद्याला रोजचे हजारो हात झेपत नाहीत. शिवाय आपली बॅच तासाभराची. त्यात पोहण्याची टोपी शोधण्यात पाच मिनिटं जातात!

आता थोडं गंभीर बोलतो. गेल्या पाच वर्षांत आपल्या वर्गातले तिघं गेले, त्यातले दोघं हृदयविकाराने. आजच्या रिकाम्या खुर्च्या आपण सगळ्यांनीच पाहिल्या. म्हणून माझ्या शब्दावर उद्याच पाण्यात उडी मारू नका. आधी ईसीजी, स्ट्रेस टेस्ट करा, रक्तदाब पाहून घ्या आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारा, 'मी जोर लावून पोहू का?' महिना-दोन महिने सावकाश पोहा, मग वेगाकडे वळा. छातीत दाटलं, चक्कर आली, तर संच तिथेच सोडून काठावर या आणि कुणाला तरी सांगा. एकट्याने पोहू नका. घड्याळाने थांब म्हटलं की थांबायची सवय या पद्धतीत लागते. ती सवय आपल्या पिढीला पदकापेक्षा जास्त उपयोगी आहे.

शेवटी एक प्रस्ताव. मास्टर्स रिलेमध्ये चौघांच्या वयाची बेरीज करून गट ठरतो. आपण कोणीही चौघं उभे राहिलो की यंदा बेरीज बरोबर २४०, आणि २४० ते २७९ हा एक गटच आहे. दोन पुरुष, दोन स्त्रिया अशी मिश्र रिलेही असते. प्रत्येकाने फक्त ५० मीटर पोहायचं. मला तीन नावं हवी आहेत. जेवणाच्या रांगेत मला गाठा. वही सोबत आणली आहे.