सार्वजनिक सायकल कोणासाठी?

(वस्ती पातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषण)



आजचा विषय सार्वजनिक सायकल योजना. शहरात ठिकठिकाणी सायकली ठेवायच्या, गरजूने एका ठिकाणाहून घ्यायची, दुसरीकडे सोडायची आणि वापराप्रमाणे भाडे द्यायचे. ही कल्पना आपल्याला परकी नाही. तासावर सायकल भाड्याने देणारी दुकाने आपल्या गावा-शहरांत होतीच. वहीत नाव-पत्ता लिहिला की सायकल मिळायची. फक्त ती त्याच दुकानात परत आणावी लागायची.

पुण्यात डिसेंबर २०१७ मध्ये औंध भागात आणि विद्यापीठाच्या आवारात अशा सायकली आल्या. मोबाइलवरच्या अ‍ॅपने कुलूप उघडायचे आणि काम झाले की सायकल तिथेच सोडायची. लोकांनी स्वागत केले, आणखी कंपन्या आल्या. पण एक-दोन वर्षांत बहुतेक सायकली रस्त्यावरून दिसेनाशा झाल्या. तेव्हापासून मी एक वाक्य वारंवार ऐकतो, ‘आपल्या लोकांची लायकीच नाही, ते मोडतात आणि चोरतात.’ यातले ‘लोक’ म्हणजे झोपडपट्टी आणि मोहल्ला, हे न सांगताही कळते. माझा आक्षेप त्यालाच आहे.

पॅरिसमध्ये १५ जुलै २००७ रोजी ‘वेलिब’ योजना सुरू झाली. तिथेही पहिल्या काही वर्षांत हजारो सायकली चोरीला गेल्या, मोडल्या गेल्या. पण म्हणून पॅरिसने योजना गुंडाळली नाही. ती आजही चालू आहे. तोडफोड होणार हे गृहीत धरून दुरुस्तीचा खर्च आणि मजबूत कुलूप हे आधीच ठरवावे लागते. तो नियोजनाचा भाग आहे.

नियोजनाचे ठोकताळेही उपलब्ध आहेत. वाहतूक क्षेत्रातील ‘आयटीडीपी’ या संस्थेच्या मार्गदर्शिकेनुसार एका चौरस किलोमीटरमध्ये १० ते १६ स्थानके हवीत, म्हणजे साधारण ३०० मीटरवर एक. त्या भागातील दर १००० रहिवाशांमागे १० ते ३० सायकली हव्यात. शिवाय सकाळी सगळ्या सायकली एकाच दिशेला जातात. त्या गाडीत घालून परत आणणारी माणसे हवीत. उद्घाटनाला फीत कापणे सोपे असते, हे काम मात्र रोज करावे लागते.

आता मुख्य प्रश्न. स्थानके कुठे उभी राहतात? सहसा जिथे रस्ते रुंद आणि सोसायट्या मोठ्या आहेत तिथे. पण सायकलची खरी गरज बसथांब्यापासून आत दोन किलोमीटर राहणाऱ्या कामगाराला, चार घरची कामे करणाऱ्या बाईला, कॉलेजला जाणाऱ्या मुलीला आहे. त्यांच्याकडे स्मार्टफोन असेलच असे नाही. घरात एकच फोन असेल तर तो बहुधा घरातल्या पुरुषाच्या खिशात असतो. अ‍ॅपशिवाय सायकल मिळत नसेल, तर ती बाई योजनेच्या बाहेरच राहते.

यावर उपाय आहेत. म्हैसूरच्या ‘ट्रिण ट्रिण’ योजनेत २०१७ पासून स्मार्ट कार्डावर सायकल मिळू लागली. अमेरिकेतील फिलाडेल्फियाने २०१५ मध्ये ‘इंडिगो’ सुरू करतानाच रोख पैसे भरण्याची सोय ठेवली आणि कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतही स्थानके उभारली. हे त्यांना जमते, तर आपल्यालाही जमेल.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. वस्तीतून बसथांबा, बाजार, दवाखाना आणि शाळेपर्यंत स्थानके हवीत. कार्डाची आणि रोखीची सोय हवी. साडी, सलवार किंवा बुरखा घालून चालवता येईल अशी बिनदांड्याची, चेनवर कव्हर असलेली सायकल हवी. स्थानकावर दिवा हवा. दुरुस्तीचे काम गल्लीतल्या पंक्चरवाल्या कारागिराला मिळावे. ज्या सायकलीवर शेजाऱ्याची रोजीरोटी आहे, तिच्यावर गल्लीचे लक्ष राहते. आणि कंपनीने मध्येच काम सोडले तर काय, हे करारात लिहिलेले असावे.

तुमच्या शहरात अशी योजना जाहीर झाली, तर उद्घाटनाची वाट पाहू नका. प्रभाग कार्यालयात जा, स्थानकांचा नकाशा मागा, त्यावर आपली वस्ती शोधा. नकाशा मिळाला नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका. अर्ज लिहायला मी तुमच्यासोबत बसेन.