बोटांनी वाचायची जुनी भाषा



भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग-कुडल आहे. तिथे शके 940चा, म्हणजे इसवी सन 1018चा मराठी शिलालेख आहे. त्याचा उठावदार ठसा करून एखाद्या दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या हाती दिला, तर अक्षरं बोटाला लागतील. पण ती वाचता येतील का?

पॅरिसच्या व्हॅलेंटिन आउई यांना वाचता येतील असं वाटलं होतं. त्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस अंध मुलांसाठी उठावाच्या रोमन अक्षरांत पुस्तकं छापली. मात्र अक्षराचं वळण चाचपण्यातच वाचन रखडायचं, आणि लिहिणं तर दूरच. त्यांच्याच शाळेत शिकलेल्या लुई ब्रेलने डोळ्यांसाठी घडलेलं अक्षर बाजूला ठेवलं. बोटाच्या पेराखाली मावणारी सहा टिंबं, आणि त्यांच्या 63 रचना.

भारतीय भाषांसाठी 1951च्या सुमारास भारती ब्रेल ठरली. छापील ‘कि’मध्ये वेलांटी आधी, क नंतर, ब्रेलमध्ये क आधी, इ नंतर, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. मराठी, कन्नड आणि तेलुगू ‘क’ची टिंबं एकच. सोलापुरात या तिन्ही भाषा एकाच गल्लीत ऐकू येतात.

ब्रेलशिवाय जुनी भाषा शिकता येतच नाही, असं मात्र नाही. विदर्भातले गुलाबराव महाराज (1881–1915) तान्हेपणीच अंध झाले. त्यांनी इतरांकडून ग्रंथ वाचून घेतले आणि मराठीबरोबर संस्कृतातही रचना केली. तरी संधी कुठे सोडवायचा हे मागे जाऊन तपासायचं, तर दरवेळी वाचणारा शेजारी हवा. ब्रेलमध्ये विद्यार्थ्याचं बोटच मागे जातं.

आता लांबच्या एका जुन्या भाषेचं उदाहरण. सिरिल आणि मेथोडियस हे बंधू 863च्या सुमारास मोराव्हियाला गेले. सिरिलने स्लाव्ह लोकांच्या भाषेसाठी ग्लागोलिती लिपी घडवली. सिरिलिक नंतर आली. म्हणजे भाषा तीच, लिप्या दोन. ब्रेल ही तिसरी! आजच्या रशियनने सोडलेली काही अक्षरं त्या जुन्या स्लाव्ह भाषेत आहेत. त्यांची टिंबं शिक्षकाने पहिल्याच तासाला ठरवून द्यावी लागतात.

मराठी विद्यार्थ्याला ही भाषा परकी वाटणार नाही. तिथे अग्नीला ‘ओग्नि’, नभाला ‘नेबो’, विधवेला ‘विदोवा’. मराठीने टाकलेलं द्विवचनही तिने संस्कृतासारखं जपलं आहे.

खरी अडचण विभक्तीच्या तक्त्याची. डोळ्याला उभ्या-आडव्या रांगा एकदम दिसतात. बोटाला एका वेळी थोडाच मजकूर लागतो. म्हणून तक्ता मोडून एका ओळीत एकच विभक्ती द्यावी, वचनं नेहमी त्याच क्रमाने. संस्कृत ‘देव’ शब्द चालवतानाही हीच युक्ती उपयोगी पडते.

सोलापूरच्या महाविद्यालयांतल्या भाषाशिक्षकांना एकच विनंती: दृष्टिहीन विद्यार्थ्यांना पाठांचे फोटो पाठवू नका, पाठ युनिकोडमध्ये टाइप करून द्या. नीट टाइप केलेला पाठ संगणक वाचून दाखवू शकतो, आणि तोच ब्रेलमध्येही छापता येतो.